१९४८ ला गावातून नेलेल्या आजोबांची नोंद कुठं शोधावी? (औसा तालुका)

मुजावर_औसा

नमस्कार, सलाम. माझ्या आजोबांना (आम्ही त्यांना दादा म्हणतो) पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात भारतीय फौजा शिरल्या तेव्हा, गावातून नेलं. ते परत आले नाहीत. कुठं नेलं आणि पुढं काय झालं, याचा एखादा तरी सरकारी कागद मला हवा आहे. निजामाच्या काळातलं दफ्तर, उर्दू नोंदी, जुनी जेल रजिस्टरं यातलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया मार्ग दाखवावा. मला माहीत आहे ते सगळं लिहिते. त्यातलं कामाचं काय आणि बिनकामाचं काय, हे तुम्हीच ठरवा.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या पट्ट्यात. नाव मुद्दाम देत नाही. गावात आजही आमचं येणंजाणं आहे, लग्नकार्याला एकमेकांकडं जेवण असतं, आणि तिथल्या कुणावर बोट दाखवायला मी हे लिहीत नाही. आमच्या घराकडं दर्ग्याची खिदमत. झाडलोट, चिराग, उरुसाची व्यवस्था, आणि त्यापोटी थोडी इनामी जमीन. दादांचं वय तेव्हा तीसच्या आत होतं. अब्बा दोन वर्षांचे.

दादी सांगायची ते असं. सकाळची नमाज झाली होती, दादा दर्ग्याचा ओटा झाडत होते. रस्त्यावरच्या वडाखाली ट्रक उभा राहिला. खाकी कपड्यातली माणसं उतरली, सोबत साध्या कपड्यातले दोघं. हे दोघं गावचे नव्हते. त्यांच्यातल्या एकानं कागद काढला आणि नावं वाचली. दादीनं स्वतः दारातून ऐकलं, नवऱ्याचं नाव बापाच्या नावासकट वाचलं. "औसे कू लेजाको पुछके छोड देतैं बोले," हे वाक्य ती मरेपर्यंत त्याच सुरात म्हणायची. दादांनी जाता जाता दर्ग्याची किल्ली शेजारच्या पाटलीणबाईंच्या हातात दिली. त्या रात्रीपासून पाटलीणबाईंनी दादीला आणि पोरांना त्यांच्या घरातल्या बळदात ठेवलं. वर धान्याची पोती, आत ही तीन माणसं. अब्बांना खोकला होता. ते खोकले की पाटलीणबाई बाहेर जात्यावर बसायच्या आणि दळायला काही नसलं तरी जातं ओढायच्या. आज आमचं घराणं आहे ते त्या बाईमुळं. हे आधी लिहिलं पाहिजे.

दादा रझाकार होते का, असं कुणी विचारेलच. रझाकारांची टोळी गावात आली तेव्हा त्यांनी दर्ग्यात मुक्काम मागितला आणि दादांनी दिला, एवढं दादी कबूल करायची. नाही म्हणायची टाप कुणाची होती? तरी समजा, त्यांनी काही केलंच असेल, तर खटला भरायचा, शिक्षा द्यायची, घरच्यांना कळवायचं. यातलं काहीच झालं नाही.

पुढं दादी औशाला गेली, लातूरला गेली, उस्मानाबादला गेली. गुलबर्ग्याच्या जेलात माणसं ठेवलीत असं कळलं म्हणून पायातले चांदीचे तोडे मोडून, अब्बांना कडेवर घेऊन तिथंही गेली. फाटकावरच्या शिपायानं हे नाव नाही म्हणून सांगितलं. वर्षभरानं जेलातून सुटून आलेला निलंग्याकडचा एक माणूस म्हणाला, असा एक उंच मुजावर आत पाहिल्यासारखा वाटतो. त्या 'वाटतो'वर दादीनं पुढचं आयुष्य काढलं. गळ्यातला लच्छा (आमच्यातलं मंगळसूत्र) तिनं कधी उतरवला नाही, इद्दत (नवरा वारल्यावर बाईनं पाळायचा काळ) पाळली नाही. गावातल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या तेव्हा तिला सवाशिणीतच बसवायच्या.

आता कागदाचं. घरातले कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत होते. त्यात कराचीला गेलेल्या नातेवाइकांचं पोस्टकार्ड होतं, "भाई इथं आलेला नाही, आम्हीही वाट बघतोय" असं लिहिलेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घर बसलं, ट्रंक ढिगाऱ्यात गेली. गाव नवीन जागेला गेलं. दादी त्यातून वाचली आणि काही वर्षांनी पत्र्याच्या शेडमध्ये वारली.

मी कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर आहे. २०२३ च्या दिवाळीच्या आगेमागे न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायचं काम मराठवाडाभर चाललं होतं. वर्षानुवर्षं न सुटलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली जुन्या कागदांची गाठोडी, सुटत होते. त्या कामात असताना मला पहिल्यांदा समजलं की आपल्या गावाचंही दफ्तर जिवंत आहे. नंतर रीतसर अर्ज करून दर्ग्याच्या गट नंबरची जुनी नक्कल काढली. खासरा १९५४-५५ (त्या सालची जमिनीची नोंदवही) ला जमीन दादांच्या धाकट्या भावाच्या नावावर. ती त्यांनी नीट सांभाळली, तक्रार नाही. पण नंतरच्या एका फेरफारात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: "मूळ खिदमतदार पाकिस्तानात परागंदा."

अब्बा आता एकोणऐंशीचे आहेत. शाळेत, बाजारात, भांडण झालं की "पाकिस्तानात पळालेल्याचा पोरगा" हे त्यांनी लहानपणी पुष्कळ ऐकलंय. मी नक्कल वाचून दाखवली तर म्हणाले, मला वाटायचं लोक बोलतात. सरकारनं लिहून ठेवलंय हे माहीत नव्हतं.

जमीन नको, पैसे नकोत. नावं कागदावरून वाचली, म्हणजे यादी होती. यादी होती तर कुणीतरी ती बनवली आणि कुठंतरी जमा केली. ती कुठल्या दफ्तरात असेल? आणि तारीख कशी काढावी? दादीला तारीख माहीत नव्हती. गावात पितरपाठ चालू होता आणि बकरीद जवळ आली होती, एवढंच ती सांगायची.

---

जुनं_दफ्तर

ताई, मी महसुलात मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. उर्दू दफ्तर हाताळणारी आमची शेवटचीच पिढी. तुमच्या घराण्याकडं इनामी जमीन होती ही शोधाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे. ज्याच्याकडं साधी जिरायत होती त्याचा माग लवकर तुटतो, खिदमतीच्या इनामाचा तुटत नाही.

आधी तारीख. भाद्रपद पौर्णिमा १८ सप्टेंबर १९४८ ला होती, म्हणजे पितरपाठ १९ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. बकरीद त्या साली १४ ऑक्टोबरच्या आसपास. दादीचं सांगणं तंतोतंत बसतं. फौजा १३ तारखेला शिरल्या, निजामानं १७ ला शरणागती दिली. तुमच्या दादांना नेलं ते त्यानंतर. लढाई संपलेली होती आणि राज्य लष्करी गव्हर्नर मेजर जनरल चौधरी यांच्या हाताखाली आलं होतं. म्हणून कागद शोधताना निजामाच्या पोलिसांच्या नोंदीत वेळ घालवू नका.

फसली (जुन्या महसुली) सालाकडं लक्ष ठेवा. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजुर महिन्यात सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर फसलीत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढं ५९१. तुमची घटना १३५७ फसलीच्या अगदी शेवटी येते. काही दिवसांत १३५८ लागतं. दफ्तरी माणसाला एकच साल सांगितलं तर तो तेवढाच रुमाल सोडतो. अर्जात दोन्ही लिहा.

आता मुख्य कागद. इनामदार गेला की वारसाच्या नावानं इनाम चालू ठेवायला चौकशी व्हायची. तिला विरासत म्हणत. १९५२ नंतर ती हैदराबाद अतियात (इनामं) चौकशी कायद्याखाली चाले. त्या फाईलमध्ये मूळ धारक कधी, कसा गेला हे अर्जदारानं सांगायचं असतं आणि गावच्या पंचांचे जबाब असतात. तुमच्या चुलत आजोबांच्या नावावर जमीन लागली, तर विरासतीशिवाय लागली नसणार. ती फाईल लातूरला शोधू नका. लातूर जिल्हा १९८२ ला झाला, त्याआधीची अतियातची प्रकरणं धाराशिवच्या जिल्हा कचेरीत विचारा. सोबत मुंतखबाची (इनामाच्या हक्काच्या दाखल्याची) नक्कल मागा. गाव पायगा (निजामाच्या बड्या सरदारांचा मुलूख) किंवा जहागिरीत होतं का तेही बघा, कारण जहागिरी १९४९ ला गेल्या आणि त्यांची दफ्तरं नंतर खालशात (थेट सरकारी मुलखाच्या दफ्तरात) मिसळली.

दुसरा कागद १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. घरटी नोंद आहे, नाव, नातं, वय, विवाहित की विधवा. तुमच्या दादींनी प्रगणकासमोर काय सांगितलं ते त्यात असेल. कुणबी शोधात ही रजिस्टरं वापरली, तेव्हा ती कुठं आहेत हे तुम्हालाच चांगलं माहीत असणार.

माहिती अधिकारात "माझ्या आजोबांची माहिती द्या" असं लिहू नका. अभिलेखाची पाहणी मागा. वीस वर्षांहून जुन्या नोंदींना कलम ८ मधल्या बहुतेक सवलती लागू होत नाहीत, ते अर्जातच नमूद करा. आणि फेरफारातला तो शेरा जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते कलम लेखनिक चुकीसाठी आहे. आधी पुरावा हातात येऊ द्या, अपील-पुनरीक्षणाचं मी बघून देतो.

---

जय_मराठवाडा_१७

ताईंच्या घराबद्दल वाईट वाटलं. पण कालच मुक्तिसंग्राम दिन झाला. रझाकारांनी गावंच्या गावं उठवली, लोक बायकापोरं घेऊन बार्शी-सोलापूरकडं पळाले, त्याबद्दल कुणी चौकशा करत नाही. एकाच बाजूचं उकरून काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

येडशीचा

वरच्या भाऊंना सांगतो, आमच्या घरचा माणूस रझाकारांनीच नेला. म्हणून मला बोलू द्या.

माझे पणजोबा बार्शी भागातल्या सरहद्दीवरच्या कॅम्पांना निरोप आणि भाकरी पोचवायचे. १९४८ च्या उन्हाळ्यात त्यांना येडशीला छोट्या गाडीतून उतरवून घेतलं. बार्शी लाइटची ती अरुंद गाडी, एका डब्यात सगळे ओळखीचे. दोघांनी बखोट धरून नेताना डबाभर माणसांनी पाहिलं. पोलीस ठाण्यात विचारलं तर "आमच्याकडं आणलाच नाही." पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर घरच्यांना वाटलं, आता कळेल. नवं सरकार आपलं आहे. पण नव्या साहेबानंही तेच विचारलं: अटकेचा कागद आहे का? जेलचा दाखला आहे का? हुतात्मा म्हणावं तर मेल्याचा पुरावा नाही, स्वातंत्र्यसैनिक म्हणावं तर तुरुंगात गेल्याचा पुरावा नाही. स्मारकावर त्यांचं नाव नाही. बारा वर्षं वाट बघून १९६० ला पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. माझे आजोबा तेव्हा शाळेत होते. ते सांगायचे, पुतळा जळाला आणि आमची आई म्हणाली, हे पानं होती, ते नव्हते.

ज्यांनी आमच्या पणजोबांना नेलं आणि ज्यांनी ताईंच्या दादांना नेलं ते एकमेकांचे वैरी होते. दोन्ही घरांना जबाब मात्र सारखाच मिळाला, की असा माणूस आमच्याकडं आलाच नाही. ताईंनी एका बाजूचं काढलं असेल तर दुसऱ्या बाजूचं मी काढतो. तुम्हीही तुमच्या घरचं लिहा. पण "नको काढू" असं म्हणू नका, ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

ताई, तुम्ही धाराशिवला याल तेव्हा कळवा. मुक्कामाची सोय आमच्याकडं. एकट्यानं कचेरीत फिरू नका, मी सोबत येतो.

---

जय_मराठवाडा_१७

येडशीकर, तुमचं वाचलं. मला हे माहीत नव्हतं. आमच्या आजीचे भाऊ बिदरकडं मारले गेले, पण त्यांचं प्रेत मिळालं, दिवस घातले. एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. ताई, माझा शब्द मागं घेतो.

---

पुराभिलेख_वाचक

यादीच्या प्रश्नावर. सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं होतं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. त्यांचा अंदाज असा की पोलीस अ‍ॅक्शनमध्ये आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सगळ्यात वाईट, तिथंच किमान १८ हजार. लातूरमध्ये वीस दिवसांहून जास्त हे चाललं असं ते लिहितात. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरला वकिली करायचा, त्याचा राग साध्या माणसांवर निघाला. काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांनी गावातले पुरुष बाहेर काढून मारले, हेही त्यात आहे. सैन्याच्या एकूण शिस्तीबद्दल चांगलं लिहिलंय आणि जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंबद्दलही. तुमच्या पाटलीणबाईंसारखी माणसं त्या पथकाला ठिकठिकाणी भेटली होती.

हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. २०१३ च्या सुमारास त्यावर उघड चर्चा झाली. दिल्लीला प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालयात (पूर्वीचं नेहरू स्मृती संग्रहालय) तो पाहता येतो. पण गेलेल्यांची गाववार नावं त्यात मिळणार नाहीत, तेवढ्यासाठी दिल्लीचं तिकीट काढू नका. नावांसाठी दोन ठिकाणं बघा: दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या संस्थान खात्याच्या फाइल्स, त्यांची सूची 'अभिलेख पटल'वर घरबसल्या चाळता येते, आणि हैदराबादला तारनाक्याचं राज्य अभिलेखागार. शोधताना उस्मानाबादचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. गुलबर्ग्याच्या जेलसाठी कच्च्या कैद्यांची नोंदवही हा शब्द वापरा.

---

खंडपीठ_वकील

कायद्याचं थोडं. सात वर्षं ज्याची खबर नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करायचा भार जिवंत म्हणणाऱ्यावर येतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होतं, आता नव्या अधिनियमात १११. दिवाणी न्यायालयाकडून तशी घोषणा मिळेल. पण माझा सल्ला, घाई करू नका. ती घोषणा झाली की दादा कधीतरी वारले एवढंच ठरतं. त्यांना नेलं होतं, हे त्यात कुठंच येत नाही. तुमचं भांडण त्या शेऱ्याशी आहे.

माणूस ताब्यात घ्यायचा आणि कागदावर पळाला म्हणायचं, हे १९४८ वर थांबलेलं नाही. परभणीचा ख्वाजा युनूस, सॉफ्टवेअर इंजिनिअर, घाटकोपरच्या स्फोटानंतर डिसेंबर २००२ मध्ये पकडला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पसार झाला. सीआयडीच्या तपासात ही गोष्ट बनावट ठरली, चार पोलिसांवर खटला उभा राहिला. त्याची आई आसिया बेगम वर्षानुवर्षं परभणीहून मुंबईच्या कोर्टात जात राहिल्या. २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं वीस लाखांची भरपाई दिली. मुलाचं प्रेत त्यांना कधी मिळालं नाही.

आता ताब्यातला माणूस नाहीसा झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६. पण माणसं गायब करणं हा आपल्याकडं स्वतंत्र गुन्हा नाही. सक्तीनं नाहीसं करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं २००७ ला सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. त्या कराराच्या कलम २४ मध्ये लिहिलंय की माणसाचं काय झालं हे जाणून घेण्याचा हक्क घरच्यांना आहे. ताई, तुमच्या अर्जात हे वाक्य घाला. कायद्यानं बांधील नसलं तरी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळू द्या की तुम्ही काय मागताय.

---

मुजावर_औसा

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण हातात काही येईपर्यंत लिहू नये असं वाटलं.

विरासतीची फाईल सापडली. जुनं_दफ्तर काकांनी सांगितलं तिथंच, धाराशिवला. येडशीच्या दादांनी माझ्यासोबत कचेरीत दिवसच्या दिवस काढले. त्यांची आई मला रोज डबा करून द्यायची, आणि पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, तुमच्यात पळसाच्या पानांचं काही असतं का? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग तुमच्या दादीचं बरोबर होतं.

रुमालात कसरीनं अर्धं खाल्लेलं होतं. फाईल सगळी उर्दूत, घसटती लिपी. औशाचे एक निवृत्त उर्दू मास्तर आहेत, त्यांनी भिंग लावून वाचून दिली. चुलत आजोबांचा अर्ज आहे. त्यात "मेरे बडे भाई को मोटर में ले गए, अब तक लापता हैं" असं स्वच्छ लिहिलंय. त्याखाली गावच्या पाटलांचा जबाब आहे. त्याच पाटलीणबाईंचे मालक. त्यांनी सांगितलंय की पितरांच्या दिवसांत, सकाळी, ट्रक आला, अमुक अमुक माणसं नावं वाचून नेली, मुजावर हा सरळ माणूस होता, त्याच्याविरुद्ध गावाची तक्रार नव्हती. पुढचं वाक्य मास्तरांनी दोनदा वाचलं. औशाला नेतो म्हणाले, पण मोटार उमरग्याच्या बाजूला वळली.

गुलबर्ग्याची ती एक खेप सोडली तर आमचं घर इतकी वर्षं उत्तरेला शोधत होतं. औसा, लातूर, उस्मानाबाद. ट्रक दक्षिणेला गेला होता.

पाकिस्तानचा उल्लेख फाईलभर कुठंही नाही. चौकशी अधिकाऱ्यानं निकालात "लापता" हाच शब्द ठेवलाय. तो शेरा नंतर कुण्या कारकुनानं फेरफारावर स्वतःच्या मनानं लिहिला. अब्बांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी पाटलांचा जबाब पुन्हा वाचायला लावला, मग एवढंच विचारलं, "इसमें पाकिस्तान नै ना कईं?" नाही म्हटल्यावर म्हणाले, याची झेरॉक्स काढ, गावात सगळ्यांना दे. दुसऱ्या दिवशी माझ्या चुलत भावानं वाटल्या. पाटलांच्या नातवानं एक मागून घेतली आणि घरात लावली.

१९५१ चं रजिस्टरही मिळालं. दादीच्या नावापुढं विवाहित. कुटुंबप्रमुखाच्या जागी दादांचं नाव आहे, वय एकतीस. म्हणजे प्रगणक दारात आला तेव्हा तिनं त्यांना घरातच मोजलं.

शेऱ्याविरुद्ध पुनरीक्षणाचा अर्ज काका आणि वकीलसाहेब मिळून करतायत. तारनाक्याला माझी खेप व्हायची आहे.

आता माझं दुसरं मागणं. फाईलमध्ये दुसरा एक जबाब आहे, एका लमाण नाईकाचा, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचा. तांडा तेरणेच्या काठचा, नदीच्या उताराजवळचा. तो म्हणतो, त्या दिवशी दुपारी मी ढोरं पाण्यावर घेऊन गेलो होतो, मोटार उताराशी उभी होती, माणसांना खाली उतरवलं होतं, त्यांच्यात दर्ग्याचा मुजावर होता, त्याला मी उरुसात पाहिल्यामुळं ओळखतो. इथं पान संपतं. पुढचं पान फाईलमध्ये नाही. पानांवरचे आकडे बघितले तर मधलं एकच पान गेलंय, त्यानंतर थेट निकाल आहे.

नाईकाचं नाव अर्धं वाचता येतं, आडनाव राठोड आहे. तांड्याचं नाव कसरीनं खाल्लंय. माकणी धरणाच्या वेळी नदीकाठचं बरंच काही हललं, त्यात हा तांडाही उठला असेल. लोहारा, उमरगा, औसा या भागातले कुणी राठोड हे वाचत असतील, ज्यांच्या आजोबा-पणजोबांकडं नाईकी होती, आणि १९४८ ला नदीच्या उतारावर थांबलेल्या मोटारीची गोष्ट ज्यांच्या घरात कुणी सांगितली असेल, त्यांनी मला इथं निरोप टाकावा. गोष्ट अर्धी असली, ऐकीव असली तरी चालेल. कुणाचं नाव मी कुठं देणार नाही. घरात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर मी स्वतः येऊन भेटते, अब्बांनाही घेऊन येईन. गोरमाटी (लमाणांची बोली) मला येत नाही, पण येडशीच्या दादांचा एक मित्र सोबत यायला तयार आहे.